विहीणबाईंच्या गावचा पाऊस

सकाळी चहाचं आधण ठेवलं की सुमित्राबाई चष्मा लावून फोनवर हडर्सफील्डचं हवामान बघत. अमेरिकेतल्या प्लेनोत बाहेर कितीही लख्ख ऊन असो, त्यांचा दिवस उत्तर इंग्लंडमधल्या त्या गावावरचे ढग बघूनच सुरू होई. पाच अंश, रिमझिम. चार अंश, रिमझिम, वारा. बर्फाचं चिन्ह दिसलं तर चहात साखर जरा सढळ हातानं पडे.

आई लेकीच्या काळजीनं बघते, असं केदारला वाटे. यामिनी, त्याची धाकटी बहीण, तिथे नांदत होती. सप्टेंबरात तिला मुलगी झाली होती, आन्या. तेव्हा काळजी होतीच. पण त्या घरात आणखी एक बाई राहत होती, आणि सुमित्राबाईंचं सगळं लक्ष तिच्याकडे होतं.

लेकीचं पहिलं बाळंतपण आईनं करायचं. पण सुमित्राबाईंच्या ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले, अमेरिकेबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. म्हणून जावई सत्यजितची आई, यामिनीच्या सासूबाई अहिल्याबाई, नागपूरहून गेल्या. पुढे प्रवासाची परवानगी आली, ब्रिटनचा व्हिसाही मिळाला, मार्चअखेरपर्यंतचा. केदार तिकीट काढायला बसला, तर सुमित्राबाई म्हणाल्या, "त्या परत गेल्या की जाते. एका घरात दोन विहिणी कशाला?"

"आणि त्या गेल्याच नाहीत तर?"

"नागपूरची बाई आहे ती. तिथल्या थंडीत टिकते होय?"

तिला घालवायचं काम त्यांनी हवेवर सोपवलं. हवेनं कसूर केली नाही. नोव्हेंबरात ढग टेकड्यांवरून उतरून घरांच्या धुराड्यांना टेकले. तिथला पाऊस कोसळत नसे आणि थांबतही नसे, भिजलेला पदर अंगाला चिकटावा तसा गावाला चिकटून राही. डिसेंबरात पावणेचारलाच दिवे लागू लागले. दुपटी वाळेनात, ती हीटरवर टाकावी लागत. सुमित्राबाई यामिनीला एकेक गोष्ट खोदून विचारत आणि शेवटी सहज म्हणावं तसं म्हणत, "सासूबाईंना सोसवत नसेल गं."

एकदा हे फोनजवळ बसलेल्या अहिल्याबाईंनीच ऐकलं. "मला काय होते, विहीणबाई? आमच्या नागपूरच्या उन्हानं आयुष्यभर भाजून काढलं. इथे पाऊस पडून राहिला अन् मी आपली फिरून राहिली. जावंसंच वाटत नाही, बघा." फोनच्या पडद्यावर त्यांच्या मांडीवर आन्या दिसत होती. बोलता बोलता त्या तिच्या कानामागचं जावळ बोटानं सारखं करत होत्या, अगदी हक्कानं.

सुमित्राबाई म्हणाल्या, "छान, छान." फोन ठेवून त्यांनी ओटा पुसला, तो पुसलेला असतानाही.

जानेवारीत एका शनिवारी अहिल्याबाईंनी बातमी दिली. "काल आन्या पालथी पडली. मी खिडकीशी उभी होती, वळून बघते तर पठ्ठी मान वर काढून माझ्याकडेच बघते. यामिनी तर आंघोळीला गेलेली."

म्हणजे पहिल्यांदा तीच दिसली पोरीला, एवढंच सुमित्राबाईंच्या मनात आलं. आईसुद्धा नाही, ती.

यामिनी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. "आई, परवा इथे रस्त्यावर बर्फ गोठलं होतं. आन्याला लसीला न्यायचं होतं. सत्यजित ऑफिसला गेलेला. सासूबाईंनी तिला शालीत बांधून छातीशी धरलं, मी त्यांना धरलं. तो उतार आम्ही बोटबोट करत उतरलो. इतकी घाबरले होते मी."

परवाच सकाळी ते बर्फाचं चिन्ह बघून सुमित्राबाईंनी चहाबरोबर दोन खारी जास्त खाल्ल्या होत्या. ज्या रस्त्यावर त्यांनी मनातल्या मनात बर्फ पाडलं, त्याच रस्त्यावरून ती पोर गेली होती, दुसऱ्या बाईच्या छातीशी.

"कधी निघतायत गं त्या?" तरीही तोंडातून हेच आलं.

"मार्चअखेर. त्यांचा व्हिसा संपेपर्यंत राहणार. तुझाही तेव्हाच संपतो." यामिनीनं आवाज खाली आणला. "तू रोज इथलं हवामान विचारतेस, आई. येतेस का, ते एकदा सांग. मग मी विचारायचं तरी बंद करते."

मागच्या खोलीत आन्या रडायला लागली. अहिल्याबाई तिला काहीतरी गुणगुणत होत्या. रडं थांबलं. सुमित्राबाईंनी ते थांबणंही ऐकलं, आणि ते त्यांना रडण्याहून जास्त लागलं.

"केदार," त्यांनी हाक मारली, "तिकिटाचं बघ रे. या आठवड्यातलं."

तो लॅपटॉप उघडेपर्यंत तिकडे फोन पुन्हा अहिल्याबाईंच्या हातात गेला होता. "यामिनी सांगते, तुम्ही येऊन राहिल्या. या, या. पण घर लहान आहे हो, खोल्या दोनच. माझ्याच खोलीत, माझ्याच पलंगावर झोपावं लागेल. चालेल ना?"

सुमित्राबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. प्लेनोचं आभाळ निळंशार होतं, एक ढग नव्हता.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण मला भिंतीकडची बाजू लागते हं."