दुसरा जिना

जीपवाला हॉर्न वाजवत होता आणि थोरले काका दारात उभे राहून म्हणत होते, "घर काय कुठं पळून चाललंय का? कवाबी या." आईनं पिठाचा डबा मांडीवर घेतला, मला काखेशी दाबलं, बाबा टपावर गाद्यांच्या वळकट्या धरून बसले आणि किल्लारीच्या बाजूचं आमचं गाव मागं पडलं.

काका, हे तुम्ही वाचणार, म्हणून तोंडावरच सांगते. घर पळालं नव्हतं, वाटणीत गेलं होतं. भूकंपानं दगडामातीचं घर पाडलं, सरकारनं नव्या गावठाणात सिमेंटचं दिलं. पण दिलं ते आजोबांच्या नावानं, एकच. तुम्ही तिघं भाऊ. खोल्या तेवढ्याच राहिल्या, चुली तीन झाल्या. मग धाकट्याला, म्हणजे बाबांना, शहराचा रस्ता. तुमच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही दारात उभं राहून तेच म्हणालो असतो. पण 'कवाबी या' म्हणजे पाहुणचार, घर नव्हे.

शहराचं नाव लिहीत नाही. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या माणसाला ते सांगायची गरजही नाही. जिथं चौकाचौकात टॉपरांचे फोटो लटकतात आणि त्या फोटोंखालून पाठीवर सॅक घेतलेली पोरं लोंढ्यानं जातात, ते शहर. पोरं डॉक्टर व्हायला येत होती, बाबा त्यांच्या पेट्या वाहत होते, आई मेसमध्ये त्यांच्यासाठी पोळ्या लाटत होती. शहर आमच्यावर चालत होतं आणि आम्हालाच जागा नव्हती. घरमालक खोलीत डोकावायचा तेव्हा त्याला माणसं दिसायची नाहीत, कॉट दिसायचे. "तुमच्या चुलीच्या जागेत दोन कॉट बसतात, ताई," एकानं आईला गोड हसत सांगितलं होतं. निकाल लागला, नवी बॅच आली की आमची खोली मोकळी करायची. लोह्याची, रेणापूरची, भूकंपाच्या पट्ट्यातली, सगळी कुटुंबं त्याच आठवड्यात हातगाडा शोधत फिरायची.

'ज्या शहरात डॉक्टर घडतात, त्या शहरात त्यांना जेवू घालणाऱ्या बाईला पाठ टेकायला जागा नाही!' हे माझ्या पहिल्या पत्रकातलं वाक्य. कॉलेजात असताना लिहिलं, चौकात वाटलं. लोकांनी त्यावर भजी खाल्ली. खाऊ द्या. भजी खाताना वाचतात.

आता पालिकेबद्दल चांगलं लिहायचं म्हणजे माझा हात अडखळतो, सवयच नाही. पण खरं ते खरं. जुन्या गोदामांची पालिकेची जागा रिकामी पडली होती. क्लासवाल्यांना तिथं हॉस्टेल हवं होतं, आम्हाला घरं. आम्ही पत्रकं काढली, मोर्चे काढले, सभेच्या दिवशी पायऱ्यांवर ठाण मांडलं. शेवटी महापौरबाईच भर सभेत म्हणाल्या, "पोरं शिकून निघून जातील. हे लोक इथंच राहणार आहेत. घरं बांधा." ठराव झाला, आणि नवल म्हणजे घरंही झाली. तीन मजली इमारती, परवडणाऱ्या. सोडतीत आईचं नाव निघालं तेव्हा बाबांनी अख्ख्या मेसला जिलेबी वाटली.

चावी द्यायचा दिवस उजाडला. मंडप, बँड, हार. बायका खोल्या बघायला वर गेल्या, त्यांच्यामागून महापौरबाई नारळ घेऊन. बाहेर नव्या रस्त्यावर रोलर फिरत होता. तो भिंतीजवळ आला आणि फरशी थरथरली. रझियाखाला ओरडली, "हिल्या! हिल्या! भागो!" खाला आमच्याच भूकंपाच्या पट्ट्यातली, मेसमध्ये आईशेजारी कणीक मळणारी. झालं. सगळ्या बाया एकाच जिन्यावर तुटून पडल्या. पाय अडकले, चपला उडाल्या, आणि मधल्या वळणावर गळ्यातल्या हारांसकट महापौरबाई भिंतीला चिकटून उभ्या. कुणाला लागलं नाही, एवढं नशीब.

इंजिनिअर धावत आले. "अहो, रोलर आहे, रोलर!"

"साब," खाला धापा टाकत म्हणाली, "हमारे पैराँ को क्या मालूम, रोलर है के भूकंप!"

सगळा मंडप हसला. आई हसली नाही. तिनं विचारलं, "साहेब, दुसरा जिना कुठं हाय?"

"एवढ्याशा इमारतीला लागत नाही, मावशी. नियमात एकच बसतो."

"जमीन हालल्यावर तुमचा नियम मला उतरवून न्यील का?"

आणि ती मंडपात खाली बसली. दुसरा जिना होईस्तोवर चावी घेणार नाही म्हणाली. खाला तिच्याशेजारी बसली, मग एकेक करून भूकंपवाल्या सगळ्याच. मागून एक क्लासवाले मोठ्यानं बोलले, "नको असतील तर आम्ही घेतो. हॉस्टेलला एक जिना पुरतो!"

माझं डोकं फिरलं. क्लासवाल्यांवर नाही, आईवर. "आई, एवढी वर्षं भांडलो आणि आता दारात येऊन अडून बसलीस? घर जाईल हातचं. चावी घे, जिन्याचं मागनं बघू."

"चावी घेतल्यावर मागनं कोण बघतंय?"

"हट्ट करू नको."

"तू नव्हतीस तवा," आई म्हणाली.

माझ्याआधी मला एक भाऊ होता. तो त्या दगडांखालून निघाला नाही. आमच्या घरात त्याचं नाव कुणी काढत नाही, तिनं तेव्हाही काढलं नाही. पण माझी पत्रकातली सगळी वाक्यं तिथंच पडली. मी उठले आणि माइक ओढून घेतला.

"बाई, आत्ता जिन्यात तुम्हीही अडकला होतात. खरं सांगा, भ्यालात का नाही?"

महापौरबाईंनी इंजिनिअरकडं बघितलं, मग चपलांच्या ढिगाकडं. "भ्याले," त्या म्हणाल्या. "लई भ्याले."

"मग?"

"मग काय! बांधा जिना."

इंजिनिअर पुटपुटले, "मॅडम, बजेट..."

"पुढच्या कार्यक्रमाला बँड नको, मंडप नको, हार तर बिलकूल नको. जिना बांधा."

बँडवाले सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जिना झाला. इमारतीच्या मागच्या अंगाला, उघडा, रुंद. काँक्रीट ओलं होतं तोवर आई आणि खाला मेसमधून सुटल्या की बादल्या घेऊन त्यावर पाणी मारायला जायच्या. मगच चाव्या घेतल्या, बँडाशिवाय. आता पालिका नाक्यापलीकडं आणखी घरं बांधतेय. तिथल्या नकाशात पहिल्यापासून दोन जिने आहेत, कुणीही न मागता. आम्ही जिंकलो, आणि पालिकाही जिंकली. हे वाक्य माझ्या हातून लिहून होईल असं वाटलं नव्हतं.

गावातल्यांनो, पुण्याला-हैदराबादला गेलेल्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, "घर आठवतं का?" मला आता भिंती आठवत नाहीत, आवाज ऐकू येतो. दुसऱ्या जिन्यावर कुणी सायकल लावतं, कुणी ज्वारीचं पोतं ठेवतं, खाला तर पापडच वाळत घालते.

"खाला, हा जिना पळायचा हाय, पापडाचा न्हाई!" आई ओरडते.

"अगे, भूकंप आया तो पापडाँ पे से भागेंगे. कुरुम कुरुम!"

खाला हसते, पण पापड गोळा करते. आईचा आवाज वरच्या मजल्यापासून पार गेटपर्यंत जातो, "उचला इथनं!" इतकी वर्षं या शहरात घरमालकांकडून ते आम्हाला ऐकावं लागलं. आता ते आई म्हणते.