मुंगी चावल्यासारखं

पुण्यात दात साफ करून घ्यायला आलेला माणूस आधी समोरच्याचे दात तपासतो आणि मग स्वतःचं तोंड उघडतो. नारायण पेठेतल्या दवाखान्यात पद्मजाताई लग्नाआधीपासून अशांचे दात साफ करत आल्या होत्या आणि कुणालाच बधत नव्हत्या. त्या घाबरत ते फक्त मथुराबाईंना.

मथुराबाई खडकवासल्याकडच्या. दाढ काढायला एकदाच आलेल्या. डॉक्टरांना घाई होती. भुलीची सुई टोचली, आणि हिरडी बधिर व्हायची वाट न बघता त्यांनी चिमटा उचलला. मथुराबाई धडपडल्या, तेव्हा त्यांचे हात पद्मजाताईंनीच खुर्चीला दाबून धरले आणि त्या सवयीने म्हणाल्या, काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल. जाताना म्हातारी कापसाच्या बोळ्याआडून एवढंच बोलली, "बाई, ही मुंगी न्हवती."

पुन्हा त्या आल्या नाहीत. पण खुर्ची रिकामी दिसली, की पद्मजाताईंना तिच्यात त्याच बसलेल्या दिसत.

मग एका कॉलेजाने दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टांना भूल द्यायला शिकवायचा वर्ग काढला. निम्मा मोबाइलवर, निम्मा प्रत्यक्ष. पद्मजाताईंनी नाव घातलं. कुकरच्या शिट्ट्या ऐकत व्हिडिओ पाहिले, जबड्यातल्या नसा पाठ केल्या, मोबाइलवरच्या परीक्षेत पहिल्या आल्या. पण रबरी जबड्यावर सुई धरली की न टोचताच मागे घ्यायच्या. आणि शेवटच्या दिवशी जोडीदाराला खरी भूल दिल्याशिवाय कुणी पास होणार नव्हतं.

जोडीदार सुरुची, वर्गातली सगळ्यात लहान. आधी तिने पद्मजाताईंना टोचलं. "मुंगी चावल्यासारखं होईल हं, ताई." पद्मजाताईंच्या अंगावर काटा आला. हळूहळू ओठ जड झाला, निम्मी हनुवटी नाहीशीच झाली. शिकवणाऱ्या तनया मॅडमनी टोकदार हत्याराने टोचून पाहिलं. काही कळलं नाही. पद्मजाताईंचे डोळे मात्र वाहू लागले. मॅडमनी विचारलं, दुखतंय का? त्यांनी मान हलवली. दुखत नव्हतं, म्हणूनच तर रडू येत होतं. त्या दिवशी जरा दम धरला असता, तर मथुराबाईंनाही हेच मिळालं असतं.

मग त्यांची पाळी आली. सुरुचीवर वाकून त्या नेहमीचं वाक्य बोलायला गेल्या, तर बधिर ओठ मिटेचना. मुंगीतला म काही निघेना.

"दुखेल," त्या म्हणाल्या. या शब्दाला ओठ लागत नव्हते. "दुखलं तर हात वर कर."

या वेळी त्यांनी सुई मागे घेतली नाही; ती आत गेली. अर्ध्यावर सुरुचीचा हात वर आला. पद्मजाताई थांबल्या. तो आपणहून खाली येईपर्यंत थांबल्या, आणि मगच उरलेली भूल दिली.

मॅडमनी पास केलं. सुरुचीने जड जिभेने विचारलं, ते हात वर करायचं कुठल्या व्हिडिओत होतं?

"व्हिडिओत नव्हतं." पुढच्या शब्दासाठी ओठ जुळवायला पद्मजाताईंना वेळ लागला. "मी एकीचे हात धरून ठेवले होते."