दारव्हा रोडवर पडलेली तार

“अबे ओ हेल्मेट! सरक ना बाजूले!”

जीपवाला ओरडत होता. एका हाताने हॉर्न दाबत होता, दुसऱ्याने दाराचा पत्रा बडवत होता. स्टिअरिंग कुणाच्या भरवशावर सोडलं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. बाजाराचा दिवस होता. जीपमध्ये जेवढी माणसं आत, तेवढीच बाहेर लटकलेली, आणि टपावर मेथीच्या गठ्ठ्यांचा असा डोंगर, की त्याच्या मागून सूर्याला वर यायला उशीर झाला. मागे सोयाबीनचा ट्रक येऊन थांबला, त्याच्यामागे दुधाच्या कॅनवाले. आणि या सगळ्यांसमोर, दारव्हा रोडच्या मधोमध, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि हातात कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून मी दोन्ही हात पसरून उभा होतो.

माझ्या पाठीमागे रस्त्यात एक खोकड मरून पडलं होतं. कोल्ह्याची धाकटी जात; मांजरापेक्षा थोडंसं मोठं, शेपटीचं टोक शाईत बुडवल्यासारखं काळं.

आता खोकडासाठी गाड्या थांबवा म्हटलं असतं तर त्या जीपने मलाही खोकडाशेजारी झोपवलं असतं. म्हणून मी घसा खाकरला आणि म्हणालो, “पुढं तार पडली हाय. जित्ती हाय. चाक पुढं टाकाल तं सगळ्यायचा चिवडा होईन.”

हॉर्न बंद झाला. लटकलेली माणसं पाय वर घेऊन बसली. आमच्या भागात वाघ निघाला म्हटलं तर लोक मोबाइल काढून त्याच्याकडे धावतात. पण तार पडली म्हटलं की शूरवीरसुद्धा बायकोच्या मागे उभा राहतो. हे मला माहीत नसणार तर कुणाला? मी विजेच्या उपकेंद्रावर ऑपरेटर आहे. तालुक्यात अंधार करणं आणि उजेड करणं, दोन्ही माझ्या हातात. खरं म्हणजे दोन्ही माझ्या हातात नाहीत, पण शिव्या दोन्हींच्या मलाच मिळतात.

ती रात्रही तशीच गेली होती. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, आणि शेतीची लाइन, म्हणजे वीज, रात्रपाळीची. शेतांना वीज पुरवणारा फीडर इतक्या वेळा ट्रिप होऊन बंद पडला की ब्रेकरला जीभ असती तर तो म्हणाला असता, भाऊ, आता मले झोपू दे. लाइनमन एक आणि गावं एवढी, की तो एका टोकाचा फ्यूज बसवून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं मुंज झालेलं पोरगं लग्नाला येतं. फोन रात्रभर वाजत होता. एकाने माझ्या आजोबापर्यंतचे सगळे पूर्वज विहिरीच्या मोटारीजवळ उभे करून मोजले. दुसऱ्याने अंधाराचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली माझा नंबर लिहिला. सकाळी बदलीवर येणारा ऑपरेटर नेहमीसारखा उशिरा आला आणि वर मलाच विचारू लागला, रात्री काही झालं नाही ना.

अशा रात्रीनंतर मी घरी सरळ जात नाही. थंडी असते म्हणून ऑफिसचेच रबरी हातमोजे घालून गाडी चालवतो, हे साहेबांना सांगू नका. सावकाश जातो. रस्त्याच्या कडेला माझा खरा स्टाफ हजर असतो. तारेवर कोतवाल बसलेला असतो, काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा, सगळ्या लाइनीची तपासणी आपल्यालाच करायची आहे अशा थाटात. पुढच्या खांबावर लाल डोळ्यांची कापशी घार. कापसाच्या ओळींतून रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप मान वर करतो आणि मला ओळखून पुन्हा चरायला लागतो. नाल्याकडून टिटवी ओरडत येते; रात्रभर ओरडा खाल्लेल्या माणसाला तिचं ओरडणं गाण्यासारखं वाटतं, कारण ती लाइन मागत नाही. आणि नाल्याच्या पुलाजवळ, रस्त्याच्या भरावात, या खोकडांचं बीळ होतं. जोडी होती. मी गाडी बंद करून पुलाच्या कठड्यावर बसलो की दोघं बिळाच्या तोंडाशी येऊन माझ्याकडे बघत. कधी एक जांभई देई, मग दुसरं देई, मग मीही.

हे सगळं मी घरी नेत असे, तिखटमीठ लावून. रोही घराच्या छपराएवढी व्हायची, साप रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत, आणि मोर तर इतके, की त्यांच्यामुळे ट्रॅफिक जाम. बायको चुलीपुढे बसून ऐकायची. एकदा मी सांगितलं, एका रोहीने गाडी अडवून मला वेळ विचारली. बायको म्हणाली, “मंग? तुमचं घड्याळ तं बंद हाय.” माझ्या थापांना तिने कधी थाप म्हटलं नाही. ती त्यांच्या आत येऊन बसायची.

दोन वर्षं झाली तिला जाऊन. मूत्रपिंडांचा आजार होता. यवतमाळच्या दवाखान्यात चकरा मारून मारून आम्ही दोघं दमलो होतो. शेवटच्या रात्री मी ड्युटीवर होतो. उन्हाळ्यातलं वादळ झालं होतं, खांब आडवे पडले होते. मुलीचा फोन आला, आई कशीतरीच करून राह्यली. येतोच म्हणालो. दुसऱ्या ऑपरेटरचा फोन बंद. साहेब म्हणाले, उपकेंद्र रिकामं सोडून हलायचं नाही. मुलीचा पुन्हा फोन आला, मी पुन्हा येतोच म्हणालो. पोचलो तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. तो ढीग किती मोठा होता, हे मी आजवर कुणालाही वाढवून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मुलगी माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. भांडण नाही, रुसवा नाही. चहा देते, भाकरी करते, कॉलेजला जाते. गॅस संपला. भाजी आणा. मी निघते. सुरुवातीला मी तिलाही रोह्यांच्या गोष्टी सांगून पाहिल्या. ती ऐकून घ्यायची आणि कप उचलून मोरीत न्यायची. मग मी पुलाच्या कठड्यावर जरा जास्त वेळ बसायला लागलो. लोकांना वाटायचं मला प्राण्यांचं वेड लागलंय. प्राणी चांगलेच होते. पण खरं सांगू, मला घरी जाऊन गप्प बसायची भीती वाटायची.

आणि त्या सकाळी पुलाजवळ आलो, तर जोडीतलं एक रस्त्यात पडलेलं. अंग थंड होतं. अंधार असतानाच कुठल्यातरी गाडीने उडवलं असावं. दुसरं तिथंच होतं. ते त्याच्यापाशी यायचं, नाक लावायचं, पंजाने खांदा हलवायचं. दिवे दिसले की कापसात पळायचं, गाडी गेली की पुन्हा रस्त्यावर. एक टेंपो त्याच्या शेपटीवरून म्हणावा इतक्या जवळून गेला, तरी ते परत आलंच. पुढच्या गाडीखाली ते जाणार हे दिसतच होतं. तेवढ्यात ही मेथीची जीप आली, आणि मी रस्त्यात उभा राहिलो.

जीपवाला खाली उतरला. पोरसवदा होता, पण नजर पक्की. त्याने वर बघितलं. तारा सगळ्या जागच्या जागी होत्या, आणि एकीवर कोतवाल शेपूट हलवत बसला होता.

“चाचा,” तो हळूच म्हणाला, “तार तं वर दिसून राह्यली.”

“थे दुसरी हाय.”

त्याने माझ्या पाठीमागे पाहिलं. मग कापसाच्या ओळीत. तिथे दोन कान ताठ उभे होते. तो ट्रककडे वळला आणि माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडला, “भाई, तार गिरी है! पीछे लो, पीछे!” माझ्याइतक्या सफाईने खोटं बोलणारा माणूस मला तालुक्यात पहिल्यांदाच भेटला.

मी हातमोज्यांनी खोकडाला उचललं. वजन काहीच नव्हतं. भरावाखाली पळसाच्या बुडाशी गवतात ठेवलं आणि लांब जाऊन उभा राहिलो. दुसरं बऱ्याच वेळाने आलं. हुंगलं, सभोवती एक फेरी मारली, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसलं. बाजाराची माणसं तारेच्या भीतीने चिडीचूप होती. इतका वेळ इतकी माणसं गप्प बसलेली मी कधी पाहिली नाहीत. माझ्या डोळ्यांत धुकं गेलं असं समजा.

मग मी तार उचलल्याचा मोठा अभिनय केला आणि गाड्या सोडल्या.

पण थाप माझ्या आधी गावात पोचली होती. ट्रकवाल्याने उपकेंद्रावर फोन केला, बदलीच्या ऑपरेटरने घाबरून आमच्या गावाचा फीडर बंद केला, आणि ग्रुपवर तोवर दोन बैल मेले होते. चहाच्या टपरीपर्यंत त्यांच्या चार म्हशी झाल्या. साहेबांचा फोन आला, ते काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी म्हणालो, लाइन चालू करायला सांगा, तार माझ्या डोक्यात पडली होती.

घरी आलो तर मुलगी मिक्सरपाशी उभी होती. चटणी अर्धी वाटून थांबलेली.

“लाइन काहून गेली?” तिने विचारलं.

बैल, म्हशी, जीप, सगळं जिभेवर तयार होतं. सांगितलं असतं तर तास पुरला नसता. पण मी हेल्मेट काढलं आणि जेवढं होतं तेवढंच सांगितलं. पुलाजवळचं खोकड मेलं. दुसरं रस्त्यावरून हटत नव्हतं. म्हणून गाड्या थांबवल्या, खोटं बोललो, त्यामुळेच लाइन गेली.

तिने मिक्सरच्या झाकणावरचा हात काढला नाही.

“मंग दुसऱ्याचं काय झालं?”

दोन वर्षांत तिने मला विचारलेला हा पहिला असा प्रश्न होता, ज्याचं उत्तर बाजारातून किंवा उपकेंद्रातून आणायचं नव्हतं. मी जपून बोललो. “तिथंच बसलं हाय. राती अंधारातही तिथंच असन, एकटंच.”

गॅस संपला हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात ती म्हणाली, “आई गेली त्या राती बी लाइन नव्हती, बाबा. मी अंधारात एकटीच बसली होती तिच्यापाशी.”