वाचून न दाखवलेली ओळ

तिने हेल्मेट काढायचं, माझ्या टेबलावर उलटं ठेवायचं, त्यात गाडीचे कागद, लायसन आणि घडी घातलेल्या नोटा टाकायच्या आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसून म्हणायचं, "काका, आधी वाचून दाखवा. मग पैसे."

मी गाड्यांचे विमे उतरवून देतो. रत्नागिरीत बसस्थानकामागे पहिल्या मजल्यावर माझी एक खोली आहे, खाली झेरॉक्सवाला. तीस वर्षं झाली या धंद्यात, पण पॉलिसी वाचून दाखवा म्हणणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकच भेटलं, आणि तेही एकोणीस वर्षांचं. अजूनही खाली एखादी स्कूटर थांबली आणि स्टँड लागल्याचा आवाज आला की समोरच्या खुर्चीवरची फाईल माझ्या हाताने आपोआप उचलली जाते. मग जिन्यावरून दुसरंच कोणीतरी वर येतं. मी फाईल परत तिथेच ठेवतो.

आमच्याकडे येणारी तरुण मंडळी तुम्हीही पाहिली असतील. नवी कोरी बाईक, पेढ्यांचा पुडा आणि सोबत बाप. बाप सही करतो, बाप पैसे भरतो, चिरंजीव मोबाईलमध्ये. गाडी किती सेकंदांत किती वेग पकडते हे त्याला तोंडपाठ असतं; इन्शुरन्स कधी संपतो विचारलं तर तो बापाकडे बघतो. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीही वडिलांच्या सायकलवरून वडिलांच्याच पैशाने हिंडलो.

ही मात्र एकटी आली. मांडवीला घर, वडील बोटीवर. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात, आणि उरलेले घरात बसून सगळ्यांना शिस्त लावण्यात. मुलगी एका लॅबमध्ये कामाला. पहाटे उठून स्कूटरवर पायाशी बर्फाची पेटी ठेवायची, घरोघर जाऊन उपाशीपोटी थांबलेल्या म्हाताऱ्यांचं रक्त काढायचं आणि दहाच्या आत नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या. शहरातलं झालं की पालीपर्यंत जायची. एकदा माझंही रक्त तिनेच काढलं. मी तोंड फिरवून बसलो तर म्हणाली, "काका, अपघाताचे फोटो रोज बघता, आणि सुईला भिता होय?"

स्कूटर जुनी होती. कुवारबावच्या एका निवृत्त मास्तरांकडून तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली, रंग उडालेली. त्याच आठवड्यात मला तिच्या वडिलांचा बोटीवरून फोन आला. आवाज तुटत होता, पण हुकूम स्पष्ट होता. "भाऊ, तिला नवी गाडी बघा. माझ्या नावावर घ्या. पैसे मी पाठवतो."

मी निरोप दिला. ती हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत ऐकत राहिली.

"बाबा वाईट नाहीत ओ, काका," ती म्हणाली. "पण त्यांचे पैसे आले की पाठोपाठ त्यांचं मत पण येतं. गाडी त्यांच्या नावावर झाली की कुठे गेलीस, कधी येणार, कशाला गेलीस, हे सगळं त्यांच्याच नावावर जातं."

मग तिने मला खरी गोष्ट सांगितली. तिला पुण्याला जाऊन लॅबचा पुढचा मोठा कोर्स करायचा होता. वडिलांच्या डोक्यात स्थळं होती. सुट्टीवर आले असताना जेवताजेवता वाद झाला, आणि वडील चेष्टेने म्हणाले, "पुण्याला जायच्या गोष्टी करत्येस, आधी एक गाडी तरी स्वतःच्या जिवावर चालवून दाखव. तीन वर्षं घरातला एक पैसा न घेता. मग जा कुठे जायचं तिथे."

ते चेष्टेने बोलले. हिने शब्द धरून ठेवला. पेट्रोल, टायर, पंक्चर, इन्शुरन्स, सगळं स्वतःचं. तीन वर्षं म्हणजे तीन पॉलिस्या. तेव्हापासून माझ्या खोलीत येणं हे तिच्या दृष्टीने परीक्षेला बसणं होतं, आणि मी पर्यवेक्षक.

पहिल्या वर्षी तिने घासाघीस केली. मी म्हटलं, "अगो, यातला मोठा भाग सरकारने ठरवलेला असतो. माझ्या हातात काही नाही."

"जेट्टीवरच्या मावश्या पण असंच म्हणतात. मग निम्म्यावर येतात."

"मी मासे विकत नाही."

"ते दिसतंयच. मासा निदान हातात तरी मिळतो."

मग एकेक ओळ मी वाचून दाखवायची आणि तिने मान हलवायची. गाडीची किंमत यात इतकी कमी का धरली, मास्तरांचं नाव अजून इथे का दिसतं, नॉमिनी म्हणजे वारस का, आईचं नाव टाकलं तर चालेल ना. अर्धा तास जायचा. बाहेर दोन डंपरवाले ताटकळत बसलेले असायचे. पण खरं सांगतो, मला ते आवडायचं. आपण जे विकतो ते कोणीतरी एवढ्या गंभीरपणे विकत घेतंय, याचं माणसाला अप्रूप वाटतं.

दुसऱ्या वर्षी तिला वीस टक्के बोनस लागला, वर्षभरात दावा केला नाही म्हणून. "म्हणजे न पडल्याचं बक्षीस," ती म्हणाली. बक्षीस साठ-सत्तर रुपयांचं होतं, कारण स्कूटरच तेवढ्या किमतीची. तरी ती जिना उतरताना गुणगुणत होती. त्याआधीच्या पावसाळ्यात एका वळणावर दगडी गडग्याला घासून तिने स्कूटरचा पुढचा पत्रा चेपवला होता. मी म्हटलं होतं, दावा कर. तर बोनस जाईल म्हणून तिने गॅरेजवाल्याला हप्त्याहप्त्याने पैसे दिले आणि बोनस राखला. हिशेबात तिने मार खाल्ला, पण ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

आता तिसरं वर्ष. हे सांगायला मला जड जातं, तरी सांगतो.

नोव्हेंबरात ती आली तेव्हा वाळली होती. पुण्याच्या कोर्सच्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासामुळे लॅबचे तास कमी झालेले, पगार अर्धा. हेल्मेटमधल्या नोटा तिने तीनदा मोजल्या. पुरत होत्या, पण त्या दिल्या तर पुढचा पंधरवडा पेट्रोलला काही राहणार नव्हतं.

"राहू दे. कमी पडतील ते मी घालतो," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात दे."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पाकीट परत खिशात घातलं. "तुमचे घ्यायचे तर बाबांचेच घेतले असते ना, काका. शेवटची पॉलिसी आहे. ही झाली की पुणे."

आमच्या धंद्यात एक सोय आहे. पॉलिसीत गाडीच्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा असतो. मालक स्वतः गाडी चालवताना गेला, तर घरच्यांना पंधरा लाख. त्याचे तीनशे-सव्वातीनशे रुपये वेगळे पडतात. पण 'माझ्याकडे असा विमा आधीपासून आहे' या चौकटीत खूण केली की ते पैसे लागत नाहीत. असा विमा खरंच आहे का, हे कोणी विचारत नाही. रक्कम उतरवून मागणाऱ्या पोराटोरांना आम्ही सर्रास ती खूण करून देतो. गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश.

मी ती खूण केली. रक्कम उतरली. तिचा चेहरा उजळला.

"कशी काय कमी झाली?"

"झाली. तुझं नशीब."

"वाचून दाखवा."

मी वाचायला लागलो, आणि त्या ओळीपाशी आल्यावर खालच्या ओळीवर उडी मारली. तिचं बोट लगेच स्क्रीनवर आलं. "ही राहिली."

वाचली असती तर तिने खूण काढायला लावली असती. खोटं तिला चालायचं नाही. मग पैसे भरले असते, आणि पंधरा दिवस पायी फिरली असती, नाहीतर घरी हात पसरून परीक्षेत नापास झाली असती. मला तिला पास करायचं होतं. मी म्हटलं, "ते तुझ्या कामाचं नाही गो. ते म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी असतं."

ती हसली. तीन पॉलिस्यांत पहिल्यांदा तिने एक ओळ न ऐकता सोडली. माझ्यावर विश्वास ठेवून सोडली.

जानेवारीत पालीच्या अलीकडे, जिथे रस्त्याचं काम चालू होतं तिथे, सकाळी सातच्या धुक्यात वळणावर पसरलेल्या खडीवरून तिची स्कूटर घसरली. पुढे वाहन नव्हतं, मागे नव्हतं. माझ्या भाषेत सांगायचं तर दावा लावायला दुसरी गाडीच नव्हती. हेल्मेट डोक्यावर होतं, पट्टा लावलेला होता, वेगही फार नव्हता, असं बघणारे म्हणाले. बर्फाच्या पेटीतल्या नळ्यांतली एकही फुटली नव्हती. ती मात्र कठड्यावर आपटली, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत गेली.

मी मांडवीला गेलो. दारात चपलांची रास होती. वडील पोचायला चार दिवस लागणार होते. मी मागे उभा राहिलो, तिच्या आईच्या समोर जायचं धाडस झालं नाही, आणि लवकर निघून आलो. त्या रात्रीच काय, नंतरही कित्येक दिवस मला एकच वाक्य ऐकू यायचं, आणि ते तिचं नव्हतं, माझं होतं. ते तुझ्या कामाचं नाही गो.

खोलीत बसलो की ते वाक्य समोर येऊन बसतं. कॉम्प्युटरला तर काहीच माहीत नाही. नोव्हेंबर जवळ आला की नूतनीकरणाच्या यादीत तिचं नाव वर येतं, पुढे मोबाईल नंबर, त्याच्यापुढे आकडा, आणि बोनसच्या रकान्यात वाढलेली टक्केवारी. यंत्राच्या लेखी तिने अजूनही दावा केलेला नाही. नाव काढून टाकायला एक बटण पुरतं. गेल्या वर्षी मी त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसलो आणि मग यादीच बंद केली.

तिचे वडील माझ्याकडे आले ते महिन्याभराने. उंच, उन्हाने रापलेला माणूस, हातात तिची प्लास्टिकची फाईल. तिन्ही वर्षांच्या पावत्या, पंक्चरच्या चिठ्ठ्यांसकट, तारखेप्रमाणे लावलेल्या. ते नेमके तिच्याच खुर्चीत बसले, पण पूर्ण टेकून.

"भाऊ, ह्यातनं काय मिळतंय का बघायला नाय आलो," ते म्हणाले. "लोक सांगतात, मालकाचा विमा असतो म्हणून. मिळाले तर तिच्या कोर्सच्या कॉलेजात कुणा पोरीला द्यायचे, असं तिच्या आईच्या मनात हाय. नाय तर नाय."

मला सहज सांगता आलं असतं की तिने तो घेतला नव्हता. कागदावर तसंच होतं. त्यांनी मान हलवली असती आणि गेले असते. पण त्यांनी फाईल माझ्यासमोर उघडी ठेवली होती, आणि तिसऱ्या पॉलिसीवर, मी ज्या ओळीवरून उडी मारली होती त्या ओळीशेजारी, पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह होतं. तिने घरी जाऊन ती पुन्हा पाहिली असणार. कधीतरी विचारणार असणार.

मी सगळं सांगितलं. खूण कोणी केली, का केली, तिने बोट ठेवल्यावर मी काय म्हणालो, ते शब्द न् शब्द. बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. मी दोषी आहे, असंही म्हणालो. ते म्हणायचं होतंच, कारण दुसरं कोणी म्हणणार नव्हतं.

खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं.

"किती वाचले तिचे?" त्यांनी विचारलं.

"तीनशे वीस."

"कुठली तारीख?"

मी पॉलिसीवरची तारीख दाखवली. त्यांनी ती जवळ धरून वाचली आणि मोबाईल काढून त्यात काहीतरी मागे मागे जात शोधू लागले. मग थांबले.

"त्याच दुपारी तिचा व्हिडिओ कॉल लागला होता मला बोटीवर," ते म्हणाले. "ताटात पापलेट घेऊन उभी. म्हणे, बाबा, इन्शुरन्समधनं उरले, आज घरात मी घातलंय जेवायला. मी म्हटलं, इन्शुरन्समधनं कधी कुणाला उरलेत गो? तर नुसती हसली." ते स्वतःही किंचित हसले, आणि मग चेहरा हाताने पुसला. "पेट्रोलला ठेवायचे सोडून मासा आणलान. पहिल्यांदाच आणलान तिनं. अट तर माझीच होती ना, भाऊ. तुम्ही फक्त खूण केलीत."

त्यांनी पावत्या पुन्हा तारखेप्रमाणे लावल्या, फाईलचं बटण बंद केलं आणि उठले. जिन्याच्या तोंडाशी जाऊन थांबले, माझ्याकडे न वळता बोलले.

"हे तिच्या आईस सांगू नका कधी. ती त्या दिवशी तो मासा पोटभर जेवलेली."