रस्सा-भात हलाल ठरला तेव्हा

माझ्या अब्बांना रक्त दिसलं की घेरी यायची, आणि पोट भरायला त्यांनी धंदा काढला तो कोंबडीच्या रश्श्याचा!

त्याआधी ते नंदुरबारच्या जिनात कापसाच्या गाठी उचलायचे. छातीत कापूस बसला, खोकला लागला, काम गेलं. घरात भाकरी असली तर कालवण नसे, आणि कालवण असलं तर समजायचं की शेजारी लग्न आहे. मग स्टेशनाजवळ गोणपाट बांधून अम्मानं चूल मांडली. रस्सा-भात! हमाल, गाडीवान, बाजाराला आलेले पाटील (घरी न सांगता!), सगळे जेवू लागले. त्याच रश्श्यावर मी कॉलेजात गेलो.

कोंबड्या अम्मा कापायची. परसात, अल्लाचं नाव घेऊन. यात लपवण्यासारखं काही आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. गिऱ्हाइकं समजायची, गफूरभाई कापतात. गफूरभाई, म्हणजे अब्बा, त्या वेळी तोंड फिरवून कांदा चिरत बसायचे. रडायला तेवढंच निमित्त!

मी सुट्टीत घरी होतो. जमातीचे पुढारी कासमचाचा आपल्या होणाऱ्या व्याह्यांना घेऊन गाडीतून उतरले आणि थेट आमच्याकडे आले. ताट पुढे येताच व्याह्यांनी विचारलं, "हलाल है ना?"

"म्हंजे काय! आम्हना गफूर सोता कापस. गफूर, दखाड पाव्हणासले!"

अब्बांनी एका हातात कोंबडी धरली, दुसऱ्या हातात सुरी. मान अशी मागे फिरवली की कोंबडीलाच त्यांची दया आली असावी.

"चाचा, मन्हा हात दुखी ऱ्हायना."

"मंग पोऱ्याले दे! कॉलेजमा शिकेल शे ना तो?"

(कॉलेजात बेडूक फाडताना मी कोसळलो होतो, हे घरी कळवलेलं नव्हतं!) मी नाव घेतलं, डोळे मिटले आणि सुरी लावली ती स्वतःच्याच अंगठ्याला. एक लाल थेंब! तो पाहून अब्बा पडले. काय पडलं म्हणून मी डोळे उघडले, थेंब पाहिला, आणि त्यांच्या अंगावर मी पडलो. कोंबडी उडाली ती व्याह्यांच्या ताटात! रस्सा त्यांच्या पांढऱ्या दाढीवर!

मी शुद्धीवर येत होतो तेव्हा अम्मा गोणपाट सारून बाहेर आली होती. तिनं कोंबडी धरली, नाव घेतलं, काम संपवलं आणि सवयीनं म्हणाली, "यास्नं रोजनंच शे. दोन्ही असाच शेतस."

कासमचाचा ताटावरून उठले. "बाईना हातनं? इतला साल आम्ही बाईना हातनं खादं? तोबा! हराम!"

कोपऱ्यातून एक पाटील म्हणाले, "चाचा, उठीच ऱ्हायनात, ते तो रस्सा इकडे द्या."

हसू आलं ते तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून आमच्या चुलीकडे जमातीतलं कुणी फिरकलं नाही, आणि बोभाट्याच्या भीतीनं पाटीलही नाहीत. अम्माला पोटाची चिंता नव्हती, तिला एकच गोष्ट कुरतडत होती.

"बेटा, इतला लोकस्ले मी हराम खावाडं का रे? मी ते दरवख्ती नाव लिधं."

"नही ना अम्मा."

"तू काय मौलवी शे? जा, इचारी ये."

तिला ताप भरला होता. तरी तिनंच मला गाडीत बसायला लावलं.

सुरतेला एका म्हाताऱ्या मौलवींना मी सगळी हकिगत सांगितली. बेडकापाशी ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "बाईचा हात चालतो. कापणारा शुद्धीत असावा, नाव घ्यावं, सुरीला धार असावी. हलाल आहे." आणि मला न्याहाळत म्हणाले, "तुझी आणि तुझ्या वडिलांची मात्र पहिल्याच अटीत अडचण दिसते!"

हे ऐकून अम्मा कशी हसेल, याच विचारात मी परतलो. गल्लीत वळलो तर आमच्या ओट्यावर चपला फार होत्या.

मी दारातूनच सांगितलं, "हलाल शे. अम्मानं कापलेलं सगळं हलाल शे." उगाच मोठ्यानं, आतपर्यंत ऐकू जावं म्हणून. चपलांच्या गर्दीत कासमचाचा उभे होते. ते म्हणाले, "आते मी माफी कोनले मांगू?"

अब्बा तेव्हा रडले. जवळ कांदा नव्हता.

अम्माचा चाळिसावा दिवस झाल्यावर चूल पुन्हा पेटली. पहिलं ताट चाचांनी मागितलं. सुरी माझ्या बहिणीनं, जुलेखानं उचलली. चाचांनी रस्सा दोनदा मागून घेतला.

पुढे मी बेडकांचा नाद सोडून बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला! आणि आमच्या परसात मला आजही एकच काम मिळतं: डोळे मिटून कोंबडीचे पाय धरणं.