गाठ जरा सैल मारा, डॉक्टरसाहेब

चहा घेऊन बसा आधी. कारण मी जो घोळ घातलाय ना, तो ऐकताना तुमचा कप हातातच राहील आणि चहावर साय धरेल!

मी मूळची सिन्नरची. लग्न होऊन आले शहाद्याजवळच्या कळसाडीला. शहाद्याच्या एका शाळेत शिकवते. काय शिकवते? मराठी. व्याकरणासकट!

घरी मात्र अहिराणी. सासूबाईंना मी आई म्हणते. त्या माझ्या शाळेच्या मराठीला ‘हापिसनी बोली’ म्हणतात. म्हणून मीही अहिराणी शिकले. मला वाटायचं, फार छान शिकले. मी बोलायला लागले की आमचे योगेशराव मान खाली घालायचे. मला वाटायचं, आपलीच दृष्ट लागू नये म्हणून बघत नसतील.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. पीसीओएस. नाव एखाद्या परीक्षेसारखं आणि मी दरवेळी नापास! पाळी तिच्या मनाला येईल तेव्हा, हनुवटीवर केस, आणि वजन असं की काळीपिवळीत बसले की ड्रायव्हर ओरडायचा, ‘चला, दोन सीटा भरल्या!’

हसा, हसा. मी तेव्हा हसत नव्हते.

काय नाही केलं? मेथीचं पाणी प्यायले, भाकरी सोडली, पहाटे उसाच्या शेतापर्यंत चालून आले. चार किलो जायचे आणि परत येताना पाहुणे घेऊन यायचे. शेवटी नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी सुरतेला पाठवलं. तिथले सर्जन हिंदीत म्हणाले, “जठर लहान करू. बाळाची हमी मी देत नाही. पण वजन उतरलं की पाळी मार्गी लागायची शक्यता वाढते. एक मात्र नक्की, ऑपरेशननंतर दीड वर्ष दिवस जाऊ द्यायचे नाहीत.”

बाहेर जिन्यावर योगेशरावांनी विचारलं, “तू हे बाळासाठी करतेयस का?”

“बाळासाठी पण. आणि मला माझे गुडघे, माझा श्वास परत पाहिजे म्हणून पण.”

“मग करू. पण आधी तू धडधाकट घरी यायचं. बाकीचं नंतर बघू.”

बघा, किती शहाण्यासारखं बोलला माणूस! आणि मी काय म्हणाले? “आईंना मीच सांगणार. तुम्ही मधे पडायचं नाही.”

इथेच माती खाल्ली.

आई ओट्यावर लाल मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि माझ्या लाडक्या अहिराणीत सुरू केलं, “आई, मी सुरतले जाईसन पोटनं ऑपरेशन करी लेसू.”

आईंचा हात थांबला. “कोनतं ऑपरेशन?”

“दुर्बीनवालं. आजकाल बठ्ठ्या बाया करतस.”

“योगेशले मालूम शे?”

“त्यासनी ते सही बी करी दिधी!”

आई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “वहू, बाया दोन-तीन व्हवावर करतस हाई.”

मला वाटलं, त्या डॉक्टरांची मतं विचारतायत. दोन-तीन डॉक्टरांना दाखवून झाल्यावरच करतात ना! मी आनंदाने म्हणाले, “व्हयनात ना आई! दोन व्हयनात. एक नंदुरबारले, एक सुरतले.”

आईंचा चेहरा असा झाला की काय सांगू!

वर मी जोडलं, “आनि डॉक्टर सांगस, त्याना नंतर पोर नको.” दीड वर्षाचं पुढच्या वाक्यात येणार होतं हो! पण आई डोळ्यांना पदर लावून आत निघून गेल्या. मला वाटलं, मिरची झोंबली.

रात्री आईंनी माझ्या ताटात तूप ओतलं आणि योगेशरावांच्या ताटात भाकरी आपटली.

“आई मन्हासंगे बोलत का नही?” त्यांनी मला विचारलं.

“दमल्या असतील,” मी म्हणाले. गाढव मी!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मथुराकाकू आल्या. चुलत सासूच त्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “पोरी, कोनी काही बोलनं का तुले?”

आता वजनावरून कोण बोललं नव्हतं? माझेही डोळे भरले. “बठ्ठा गाव बोलस काकू. मी थकी गयू. एकदाव हाऊ काटाच काढी टाकू, म्हंतं.”

“पन एकदाव गयं का परत नही येस व माय!”

“परत यावालेच नको!” मी ठणकावून सांगितलं. काकूंनी पदर तोंडात कोंबला आणि गेल्या.

मग नणंदेचा फोन. रडतच बोलत होती. “वहिनी, मन्ही धाकली तुमनीच समजा. कधी बी लई जा.”

किती गुणाची नणंद! ऑपरेशननंतर मला मदतीला पोरगी द्यायला निघाली! मी म्हणाले, “शाळेला सुट्टी लागली की पाठवा. भांडी तेवढी घासेल.” पलीकडे फोन कट.

आता तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नव्हतं! गावात ‘ऑपरेशन’ म्हणजे एकच ऑपरेशन असतं, पोरं पुरे झाली की बाया करतात ते. सहा वर्षं गावात राहून एवढं कळलं नाही या मास्तरणीला.

सुरतेला निघायच्या दिवशी आई पिशवी भरून दारात उभ्या. “मी येसू.” बस, एवढंच.

ऑपरेशनच्या सकाळी सर्जन खोलीत आले. मला धीर देत होते, तेवढ्यात आई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी हात जोडले.

“डाक्टरसाहेब, गाठ जरा सैल मारा.”

डॉक्टर गुजराती. थोडं समजलं, थोडं नाही. “कई गांठ, बा?”

“पोटमा मारतस ती. अशी मारा का उद्या सोडता यी. मन्ही सून लोकेसनं बोलनं ऐकी ऐकीसन थकी गई, म्हनीसन करी ऱ्हायनी. तिन्ही कूस कायमनी बंद करू नका. लोकेसनं तोंड बंद करानं शे, ते मी करसू. आठ दिनपाईन करीच ऱ्हायनू.”

सिस्टरच्या हातात माझी नाडी होती, ती बहुधा बंदच पडली असेल.

आणि माझ्या डोक्यात धडाधड सगळं उलगडायला लागलं. दोन व्हयनात, एक नंदुरबारले, एक सुरतले! परत यावालेच नको! भांडी घासेल! अरे देवा!!

योगेशराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. हसतायत वाटलं. वळले तर डोळे पुसत होते.

मग त्यांनीच समजावलं. आईंनी तीन-तीनदा विचारून घेतलं.

“म्हंजे निस्तं खावानं पोट लहान करतस?”

“हा, निस्तं खावानं.”

“आनि कूस?”

“तिले हात बी नही लावतस, आई. दीड वरीस थांबानं, मंग परयत्न करानं.”

आई खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता कधी रडायला लागल्या, ते कळलंच नाही.

मी विचारलं, “आई, तुमले असं वाटनं, मंग माले अडावं का नही?”

त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. “तुन्हं पोट, तुन्हा जीव. माले वाटनं, पोरनी इतलं सोसं का तिले आते पोरच नको. मंग मी कोन अडावनारी? पन एकली कशी जाऊ देऊ तुले?”

सून कायमचं दार लावायला निघाली असं समजून ही बाई माझे कपडे घड्या घालून, माझ्याबरोबर सुरतेला आली होती.

स्ट्रेचर आलं तेव्हा त्यांना एकच काळजी. “मंग तू जेवशी काय, माय?”

“चमचा-चमचा.”

“मन्हा हातनी डाळ बी?”

“ती बी चमचाच.”

“चालस,” त्या म्हणाल्या. “चमचानी देसू.”

आणि दिली. महिनाभर वाटी आणि चमचा घेऊन माझ्यासमोर बसायच्या. मी ‘पुरे’ म्हटलं की चमचा तिथेच थांबायचा. एवढी वर्षं आग्रह करून वाढणाऱ्या हाताला ते किती जड गेलं असेल!

आता गावाचा गैरसमज दूर करायचा होता. आई म्हणाल्या, “मी सांगसू.” मी म्हटलं, छे, घोळ माझा, निस्तरणार मी.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, खानदेशची देवी, बसते. तिच्या प्रसादाचे रोट खायला सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. मी एव्हाना बरीच उतरले होते. बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. मी मधोमध उभी राहिले, घसा साफ केला आणि शुद्ध अहिराणीत जाहीर केलं, “माय-बहिनीसवन, मन्हं तुमले वाटनं ते ऑपरेशन नही व्हयनं! मन्ही पिशवी मोठी व्हती, डॉक्टरनी ती काढी टाकी, बस!”

जठराची पिशवी हो! जठराची!

पण बायकांच्या घोळक्यात ‘पिशवी काढली’ याचा अर्थ काय होतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मथुराकाकू मटकन खाली बसल्या. “ओ माय व! पिशवीच काढी टाकी?” मागे कुणीतरी रडायला सुरुवातसुद्धा केली.

आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या. “कोनी रडू नका! तिन्ही पिशवी जागावर शे! मराठीनी मास्तरीन शे ती, तिले बोलता नही येस!”

परवाच दीड वर्ष पूर्ण झालं. पाळी आता वेळेवर येते. डॉक्टरीणबाईंनी होकार दिलाय. पुढचं कुणाच्या हातात आहे, ते मला ठाऊक नाही. भीती वाटते, आशाही वाटते, दोन्ही एकदमच.

आणि बातमी आलीच, तर गावात सांगायचं काम आईंनी आत्ताच स्वतःकडे घेतलंय. मला सक्त ताकीद आहे. उलट्या होवोत, डोहाळे लागोत, पोट दिसो, मी तोंड उघडायचं नाही!