धाकटीच्या पाठीचं माप

कुठल्याही गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाजूंची मापं मी वेगवेगळी घेत नाही. तेवढा वेळ कुणाला आहे! अपवाद फक्त माझ्या धाकट्या बहिणीचा. बारा वर्षं धनुष्याची दोरी ओढून तिच्या उजव्या खांद्याच्या पात्याशी मांस असं भरलं होतं, की साधा शर्ट उजवीकडे तटतटायचा आणि डावीकडे झोळ पडायचा. धनुष्य पेलून पेलून डावा दंड दगड झालेला. "तुझा एक शर्ट शिवणं म्हणजे दोन बायकांचे शिवणं," मी म्हणायचे. तिच्या मापांचा कागदच वेगळा होता. उजवी पाठ पाऊण इंच जास्त.

आठ महिन्यांपूर्वी आई गेली. तिसऱ्या आठवड्यात मी दुकान उघडलं, धाकटी सरावाला जायला लागली. सकाळी सहाला धनुष्याची पेटी घेऊन निघायची, नऊला परतायची. मग जेवणं, भांडी, झोप. येत्या रविवारी निवड होती. संघात आली की क्लबात शिकवायची नोकरी पक्की. मीच हात धुऊन मागे लागले होते. नवा शर्ट जुन्या कागदावरूनच बेतला. पुन्हा माप कशाला? पाठ काय पळून जाते?

गुरुवारी दुकानात तिने तो घातला आणि उजवीकडे कापड लोंबायला लागलं. मला वाटलं, कापताना माझंच चुकलं. टेप लावली. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या.

"किती दिवस धनुष्य ओढलं नाहीस?"

"सात महिने झाले."

"अगं, मग रोज उठून जातेस कुठे?"

"मैदानावरच. बाकावर बसते."

"खांदा दुखतो का?"

"नाही. आई गेल्यावर परत गेले, त्या पहिल्या दिवशी सहा बाण मारले. सहाही मधोमध लागले. काही वाटलं नाही, ताई. मग मुद्दाम चुकवून पाहिले. तरी काही नाही."

आमच्या गल्लीत माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. आता हिची चांगली खरडपट्टी काढायची म्हणून तोंड उघडलं, तर रागच येईना. तेव्हा कुठे लक्षात आलं, आई गेल्यापासून मी एकदाही कुणावर ओरडले नव्हते. "किती शांत झालात हो!" म्हणून गिऱ्हाइकं कौतुक करायची. मला भीती वाटली.

"रविवारी जाते मी," ती म्हणाली, "तू एवढा शिवलायस तर."

"नको जाऊस."

"आणि नोकरी?"

"मरू दे ती."

ती खाली फरशीवर बसली. मी दुकानाचं दार लोटलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. कितीतरी वेळ दोघींपैकी एकीलाही रडू आलं नाही.